क्वार्टरबॅकचा आठवडा कसा आखायचा: पहिल्यांदाच ऑफेन्स सांभाळणाऱ्यांसाठी

अमेरिकेत मुलगा हायस्कूलला गेला, अमेरिकन फुटबॉलच्या संघात आला, शाळेला मदतनीस कोच हवे होते म्हणून तुम्ही हो म्हणालात, आणि पहिल्याच संध्याकाळी मुख्य कोचनं शिट्टी हातात देऊन सांगितलं, "ऑफेन्स तुम्ही बघा." ऑफेन्स म्हणजे बॉल आपल्याकडे असताना खेळणारी बाजू, क्वार्टरबॅक म्हणजे तिचा सूत्रधार, जो बॉल फेकतो किंवा दुसऱ्याच्या हातात देतो, आणि त्यांना अडवणारी समोरची बाजू म्हणजे डिफेन्स. न्यू जर्सीत माझ्याबाबतीत असंच झालं. क्रिकेट आणि कबड्डीवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा खेळ टीव्हीवर बघून कळायला लागतो, पण दोन तासांच्या सरावात नक्की काय करून घ्यायचं हे टीव्हीवर दिसत नाही.

पहिल्या वर्षी मी कागदावर सुबक वेळापत्रक केलं होतं. तिसऱ्या दिवशी एका आईनं कडेला उभं राहून काढलेला सरावाचा व्हिडिओ मी घरी लावला आणि मोजायला बसलो. दोन तासांत आमच्या क्वार्टरबॅकनं ३४ बॉल फेकले होते. समोर डिफेन्स उभा असताना फेकलेले त्यातले फक्त ११. उरलेला वेळ तो रांगेत उभा होता किंवा माझं बोलणं ऐकत होता. मला फार वाईट वाटलं. चौदा वर्षांचं पोर उन्हात हेल्मेट घालून दोन तास देतं आणि आपण त्याला ११ खरे चेंडू देतो. तेव्हापासून माझं वेळापत्रक घड्याळापासून सुरू होत नाही. आज त्यानं किती बॉल फेकायचे आणि किती निर्णय घ्यायचे, हे आधी ठरतं. मिनिटं त्याला जुळवून घेतो.

वर्सिटीचा, म्हणजे शाळेच्या मुख्य संघाचा, सामना शुक्रवारी रात्री असतो, म्हणून खाली शुक्रवार धरला आहे. फ्रेशमन (नववीच्या) किंवा जेव्ही (दुसऱ्या फळीच्या) संघाचा सामना दुसऱ्या दिवशी असेल तर सगळे वार तेवढे सरकवा.

पहिली पायरी: नियमांनी किती वेळ दिलाय ते बघा

सरावाचा आराखडा करण्याआधी तुमच्या राज्याच्या हायस्कूल क्रीडा संघटनेचे नियम वाचा. फुल कॉन्टॅक्ट, म्हणजे पूर्ण जोरानं टॅकल करून खेळाडूला जमिनीवर पाडण्याचा सराव, आता जवळपास सगळीकडे मिनिटांत मोजतात. न्यू जर्सीनं २०१९ साली हंगामातली मर्यादा आठवड्याला ९० मिनिटांवरून थेट १५ मिनिटांवर आणली. टेक्सासनं २०१३ पासून आठवड्याला ९० मिनिटं ठरवली. कॅलिफोर्नियात २०१४ च्या कायद्यानं आठवड्यात दोनच दिवस आणि दर वेळी जास्तीत जास्त ९० मिनिटं अशी मुभा आहे. डोक्याला वारंवार बसणाऱ्या मारामुळे मेंदूला इजा होते, त्यासाठी हे नियम आहेत आणि ते काटेकोर पाळायचे आहेत.

हे आकडे बघून नवीन कोच घाबरतात. घाबरू नका. पासिंगच्या सरावाला टॅकलची गरजच लागत नाही. मिनेसोटातल्या सेंट जॉन्स विद्यापीठाचे कोच जॉन गॅगलियार्डी सरावात टॅकल करूच देत नसत, आणि २०१२ साली निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर ४८९ विजय होते. कॉलेज फुटबॉलमध्ये एवढे कुणाचेच नव्हते. आयव्ही लीगच्या (हार्वर्ड, येल वगैरे विद्यापीठांच्या) कोचांनीही २०१६ मध्ये हंगामातल्या सरावातून फुल कॉन्टॅक्ट काढून टाकायचं ठरवलं. आमच्याकडची १५ मिनिटं मी डिफेन्सच्या कोचला देऊन टाकतो. क्वार्टरबॅकला वेगळ्या रंगाची जर्सी घालायला देतो आणि त्याला कुणी हात लावायचा नाही, हे पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगतो.

ऑगस्टचा पहिला आठवडा वेगळा. अंगाला उन्हाची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीचे दिवस फक्त हेल्मेट, मग खांद्याचे पॅड, आणि शेवटी पूर्ण पोशाख, असा क्रम असतो. हे हेल्मेटचे दिवस क्वार्टरबॅकसाठी सोन्यासारखे असतात. धक्काबुक्की नाही, लाइनमनही (पुढच्या रांगेत अडवणारे) मोकळे असतात, त्यामुळे स्नॅप (रांगेच्या मधल्या सेंटरनं बॉल मागे क्वार्टरबॅकला देणं) आणि पावलं पक्की करायला याहून चांगला काळ मिळत नाही.

दुसरी पायरी: आधी सामना मोजा

गेल्या वर्षीच्या दोन-तीन सामन्यांचा व्हिडिओ मिळवा आणि एका शनिवारी सकाळी चहा घेऊन बसा. कागदावर रकाने पाडा: धावण्याचे प्ले (प्ले म्हणजे आखलेली एक चाल), झटपट पास, मागे सरकून केलेले लांब पास, स्क्रीन (अडवणाऱ्यांच्या आडून दिलेला छोटा पास), थर्ड डाउन (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा), गोलरेषेपासून २० यार्डांच्या आतले प्ले, आणि अर्धा संपताना घाईत खेळलेले प्ले. प्रत्येक प्लेला एक रेघ ओढा.

आमच्या संघाला एका सामन्यात ५० ते ५५ प्ले मिळत होते. त्यात पास २० च्या आसपास, आणि त्यातले दहा-बारा झटपट पास. लांब पास चार किंवा पाच. मी मात्र पहिल्या वर्षी निम्मा पासिंगचा वेळ लांब पासांवर घालवला होता, कारण ते बघायला छान दिसतात आणि मुलांनाही आवडतात. तुमच्या कागदावर जे प्रमाण निघेल तेच आठवड्याच्या वेळापत्रकात ठेवा. एकच फरक करा. थर्ड डाउन आणि गोलरेषेजवळचे प्ले संख्येनं कमी असतात, पण सामना तिथंच फिरतो. त्यांना रेघांच्या दुप्पट वेळ द्या.

तिसरी पायरी: प्लेची यादी छाटा

वेळापत्रक कोसळतं ते बहुतेक वेळा प्ले जास्त झाल्यामुळे. साधा हिशेब बघा. टीम पिरियडमध्ये, म्हणजे पूर्ण संघाच्या सरावात, हडल करून (दर प्लेआधी घोळका करून चाल सांगून) खेळलात तर ४० सेकंदाला एक प्ले होतो, म्हणजे १० मिनिटांत १५. तुमच्या वहीत ४० प्ले असतील तर प्रत्येक प्ले आठवड्यातून एकदा किंवा दोनदाच येणार. चौदा वर्षांच्या मुलाला एवढ्यात काय लक्षात राहणार?

हॅल मम्मी आणि माइक लीच ही जोडी १९८९ मध्ये आयोवा वेस्लीयन या लहानशा कॉलेजात एकत्र आली आणि तिथं त्यांनी जो ऑफेन्स घडवला, तो पुढे 'एअर रेड' म्हणून ओळखला गेला. आपल्या कामाची गोष्ट ही की त्यांचे प्ले मोजके होते आणि सरावातले ड्रिल रोज जवळजवळ तेच असत. मुलांना ड्रिल समजावण्यात वेळ जात नसे, त्यामुळे फेऱ्या वाढत. पुढे मम्मींच्या केंटकी विद्यापीठाच्या संघातून क्वार्टरबॅक टिम काउच बाहेर पडला आणि १९९९ च्या एनएफएल (व्यावसायिक लीग) ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला.

फ्रेशमन संघाला माझ्या मते धावण्याचे चार, झटपट पासचे तीन, लांब पासचे दोन आणि एक स्क्रीन पुरेसा आहे. नवीन प्ले घालायचा तर एक जुना काढा. मुलं नाराज होतील, एखादा पालकही येऊन तुम्हाला ट्रिक प्ले सुचवेल. त्याला आदरानं नाही म्हणा.

चौथी पायरी: दोन तासांचे चोवीस तुकडे करा

सराव पाच-पाच मिनिटांच्या पिरियडमध्ये मोडतात. दोन तास म्हणजे २४ पिरियड. प्रत्येक पिरियड संपला की भोंगा किंवा शिट्टी, आणि मुलं पळत पुढच्या जागी. घड्याळ तुमच्या हातात ठेवू नका, कारण मुलाची चूक दुरुस्त करताना तुम्ही वेळ विसरणारच. ते काम संघाच्या मॅनेजर विद्यार्थ्याला द्या आणि त्याला सांगून ठेवा की कोच कितीही ओरडला तरी वेळ झाली की भोंगा वाजवायचाच.

लहान शाळेत तीच मुलं ऑफेन्स खेळतात आणि तीच डिफेन्स, हे विसरून चालत नाही. म्हणून आम्ही सोमवारी डिफेन्सला जास्त वेळ देतो, मंगळवारी ऑफेन्सला, बुधवारी अर्धा-अर्धा. आमचा मंगळवार असा असतो:

पिरियड १ आणि २: अंग मोकळं करणं, मग हात मोकळा करणं
पिरियड ३: सेंटर आणि क्वार्टरबॅकचा स्नॅप
पिरियड ४ ते ६: वैयक्तिक सराव, पावलं
पिरियड ७: रनिंग बॅकबरोबर (बॉल घेऊन धावणारा) हँडऑफ (त्याच्या हातात बॉल देणं)
पिरियड ८ आणि ९: समोर डिफेन्स न ठेवता रूट (रिसीव्हरनं, म्हणजे पास झेलणाऱ्यानं, धावायचा ठरलेला मार्ग)
पिरियड १०: पाणी
पिरियड ११ ते १३: एका बाजूला सेव्हन-ऑन-सेव्हन, दुसऱ्या बाजूला इनसाइड रन
पिरियड १४ ते १७: पूर्ण संघ
पिरियड १८: पाणी
पिरियड १९ आणि २०: स्पेशल टीम (किकच्या वेळी खेळणारा गट)
पिरियड २१ ते २४: डिफेन्स

पाण्याला स्वतःचा पिरियड दिलाय. उकाड्यात तो कापायचा नाही, आणि मधे कुणाला तहान लागली तर त्याला कधीच अडवायचं नाही.

मंगळवारी नवे प्ले शिकवलेले असतात म्हणून पूर्ण संघाचा सराव मधे ठेवतो, डोकं ताजं असताना. बुधवारी तोच भाग शेवटी टाकतो. चौथ्या क्वार्टरमध्ये पाय जड झालेले असताना बॉल कसा फेकायचा, हे त्या दिवशी कळतं.

पाचवी पायरी: स्नॅपला रोज पाच मिनिटं, कुठलीही सबब नको

नवीन कोच हा पिरियड सगळ्यात आधी उडवतात. पण प्रत्येक प्लेची सुरुवात इथूनच होते, आणि इथं बॉल निसटला तर पुढचं सगळं शिकवलेलं वाया जातं. सेंटरच्या मागे चिकटून घेतलेला स्नॅप आणि शॉटगनमधून चार-पाच यार्डांवर घेतलेला स्नॅप, दोन्ही करा. पहिल्या आणि दुसऱ्या क्वार्टरबॅकची सेंटरबरोबर अदलाबदल करा, कारण सामन्यात कुणाला कधी दुखापत होईल सांगता येत नाही. कॅडेन्स, म्हणजे स्नॅपआधीची हाळी, इथंच पक्की होते. आठवड्यातून एकदा बॉल पाण्याच्या बादलीत बुडवून काढा आणि ओल्या बॉलनं पाच मिनिटं करा. ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीत पाऊस येतोच, आणि तेव्हा तुम्हाला या बादलीची आठवण होईल.

सहावी पायरी: पावलं हेच क्वार्टरबॅकचं घड्याळ

इथं मी सगळ्यात जास्त वेळ थांबतो, आणि तुम्हीही थांबा.

टीव्हीवर आपलं लक्ष हाताकडे जातं. पास वेळेवर पोचतो तो मात्र पायांमुळे. उजव्या हातानं फेकणारा मुलगा सेंटरच्या मागून तीन पावलांचा ड्रॉप (मागे सरकणं) घेतो तो असा: उजवा, डावा, उजवा. तिसऱ्या पावलाला मागचा पाय रोवला की डावा पाय लक्ष्याकडे टाकून बॉल सुटलाच पाहिजे. स्लँट आणि हिच हे आखूड रूट या तीन पावलांशी जोडलेले आहेत. पाच पावलांचा ड्रॉप कर्ल, आउट, डिग अशा दहा-बारा यार्डांच्या रूटशी जोडलेला. शॉटगनमध्ये मुलगा आधीच मागे उभा असतो, म्हणून तीनाचं एक होतं आणि पाचाचं तीन.

रिसीव्हर वळला, मोकळा दिसला आणि मग फेकला, तर बॉल उशिरा पोचतो. तो वळायच्या क्षणी बॉल हवेत असायला हवा. १९८० च्या दशकात बिल वॉल्श यांनी सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा जो ऑफेन्स उभा केला तो याच पायाच्या आणि रूटच्या जुळणीवर उभा होता. त्यांचा क्वार्टरबॅक जो मोंटाना याचे पाय बघितले की ते कळतं. त्या संघानं वॉल्श यांच्या हाताखाली तीन सुपर बोल (एनएफएलचे अंतिम सामने) जिंकले.

पावलांमुळे निर्णयाचा क्रमही ठरतो. मागचा पाय रोवला, पहिला रिसीव्हर बघितला. तो झाकलेला असेल तर जागच्या जागी एक छोटी उडी, नजर दुसऱ्यावर. अजून एक उडी, तिसरा. त्यानंतर बॉल बाहेर फेकून द्या किंवा पळा. मुलांकडून हे मोठ्यानं बोलून घ्या: "एक... दोन... तीन... पळ." आमच्या मैदानावर हे इंग्रजीत चालतं. माझा मुलगा घरी अंगणात मराठीत म्हणतो आणि शेजारची मुलंही आता तसंच म्हणतात.

वैयक्तिक सरावाच्या पंधरा मिनिटांतली पहिली पाच बॉलशिवाय करा. फक्त पावलं, रेषेवरून मागे सरळ जातोय का, तोल जातोय का. पुढची पाच बॉल घेऊन जाळीत किंवा दुसऱ्या क्वार्टरबॅकला. शेवटच्या पाचात हालचाल: पॉकेटमध्ये (लाइनमननी राखलेल्या जागेत) एक पाऊल बाजूला सरकून फेकणं, पळत पळत उजवीकडून आणि डावीकडून फेकणं. उजव्या हाताच्या मुलाला डावीकडे पळताना फेकणं जड जातं, म्हणून तिकडच्या फेऱ्या जास्त.

सातवी पायरी: रांगा मोडा

डिफेन्स न ठेवता रूटचा सराव हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वाया जाणारा पिरियड. एक क्वार्टरबॅक, एक बॉल आणि पंधरा रिसीव्हरांची रांग असली तर अर्ध्या मिनिटाला एक पास होतो. दहा मिनिटांत २० पास, म्हणजे रिसीव्हरला एक किंवा दोन.

एअर रेडवाल्यांची रीत घ्या. पाचही रिसीव्हर एकाच वेळी आपापला रूट धावतात आणि पाच जण पाच बॉल फेकतात. पहिला क्वार्टरबॅक क्रमातल्या पहिल्या रिसीव्हरला, दुसरा दुसऱ्याला, असं पुढे. पुढच्या फेरीत फेकणारे एक जागा सरकतात. पाच क्वार्टरबॅक कुणाकडे नसतात, पण दोन क्वार्टरबॅक, एक कोच, चांगला हात असलेला एक बाबा आणि मॅनेजर एवढे जमतात. दहा मिनिटांत शंभराच्या आसपास बॉल हवेत जातात. यासाठी बॉल भरपूर लागतात, म्हणून सरावाला येताना पिशवी तपासा आणि हवा भरून ठेवा.

आठवी पायरी: एकाच वेळी दोन ठिकाणी हवा असलेला मुलगा

पिरियड ११ ते १३ मध्ये खरी अडचण येते. मैदानाच्या एका टोकाला सेव्हन-ऑन-सेव्हन: रिसीव्हर, बॅक आणि क्वार्टरबॅक विरुद्ध पासला अडवणारे सात जण. दुसऱ्या टोकाला इनसाइड रन: लाइनमन आणि रनिंग बॅक. दोन्हीकडे क्वार्टरबॅक हवा. पहिला क्वार्टरबॅक तिन्ही पिरियड पासिंगकडे ठेवला तर हँडऑफ कच्चे राहतात. आमचा ऑक्टोबरमधला एक सामना अशाच सुटलेल्या हँडऑफवर गेला. आता मी दहा मिनिटं त्याला पासिंगकडे ठेवतो आणि पाच मिनिटं धावण्याकडे. त्या वेळात दुसरा मुलगा उलट बाजूला असतो. बॅकची पण तशीच अदलाबदल.

सेव्हन-ऑन-सेव्हनबद्दल माझं ठाम मत आहे: घड्याळाशिवाय तो खेळू नका. समोरून कुणी अंगावर येत नाही, त्यामुळे मुलगा चार, पाच सेकंद उभा राहतो, सगळे मोकळे होतात, पास पूर्ण होतात, आणि सगळ्यांना छान वाटतं. शुक्रवारी त्याला अडीच-तीन सेकंद मिळतात. म्हणून स्टॉपवॉच घेऊन त्याच्या मागे उभे राहा आणि तिसऱ्या सेकंदाला शिट्टी मारा. पहिल्या आठवड्यात पास निम्म्यावर येतील. येऊ द्या.

ज्यांच्या मुली फ्लॅग फुटबॉल (टॅकलऐवजी कमरेची पट्टी ओढायचा प्रकार) खेळतात त्यांना हा प्रश्न कमी येतो. आंतरराष्ट्रीय नियमांच्या पाच जणांच्या फ्लॅगमध्ये बॉलच्या रेषेपासून सात यार्ड मागे उभी असलेली डिफेन्सची मुलगी स्नॅप होताच धावत येते, त्यामुळे क्वार्टरबॅकला घड्याळ आपोआप मिळतं. क्वार्टरबॅक स्वतः बॉल घेऊन थेट रेषेपलीकडे पळूही शकत नाही, म्हणून सगळा वेळ पावलं, क्रम आणि हालचालीतल्या पासला द्या. हाच खेळ २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये असणार आहे आणि तो निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या सभेत झाला. क्रिकेटच्या बातमीखाली तो आपल्याकडे दबून गेला.

नववी पायरी: टीम पिरियड घरी लिहून आणा

पूर्ण संघाच्या २० मिनिटांत हडल धरून ३० प्ले बसतात. ते तीसही आदल्या रात्री कागदावर लिहिलेले हवेत. प्रत्येक ओळीत: कितवा डाउन, किती यार्ड हवेत, बॉल कुठल्या हॅश मार्कवर (मैदानावरच्या छोट्या रेघांच्या दोन उभ्या रांगांपैकी कुठल्या), कुठलं फॉर्मेशन, कुठला प्ले, समोरचा डिफेन्स कसा उभा राहणार. मैदानावर उभं राहून "आता काय करू या" म्हणालात की अर्धा मिनिट गेलाच.

हॅश मार्कबद्दल खास सांगतो, कारण टीव्हीवर एनएफएल बघून शिकलेल्यांची चूक इथंच होते. एनएफएलमध्ये दोन हॅशमधलं अंतर जेमतेम साडेअठरा फूट असतं, त्यामुळे बॉल नेहमी मैदानाच्या मध्याजवळ. हायस्कूलच्या मैदानाचे हॅश मैदानाचे तीन सारखे भाग करतात, प्रत्येक भाग ५३ फूट ४ इंचांचा. म्हणजे बॉल डाव्या हॅशवर असेल तर उजवीकडे दोन तृतीयांश मैदान पसरलेलं असतं. तिथून उजव्या कडेला आउट फेकायचा तर तो पास हवेत खूप वेळ राहतो, आणि चौदा वर्षांच्या हाताला तो पोचत नाही. सरावात बॉल मधोमध ठेवलात तर हे तुम्हाला सामन्यातच कळेल. तीस प्लेंपैकी दहा डाव्या हॅशवरून, दहा उजव्या आणि दहा मध्यातून लिहा.

समोर डिफेन्स म्हणून उभं राहायला दुसऱ्या फळीतली मुलं असतात. पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा डिफेन्स कार्डावर जाड मार्करनं काढा आणि हडलमध्ये त्यांना दाखवा. ही कार्डं घरी बनवायला तास लागतो. त्या मुलांना नावानं हाक मारा आणि चांगलं खेळलं की शाबासकी द्या. त्यांच्या जोरावरच क्वार्टरबॅक तयार होतो.

फेऱ्या कशा वाटायच्या? पहिल्याला दोन तृतीयांश, दुसऱ्याला एक तृतीयांश. फ्रेशमनमध्ये पहिला कोण हे ठरेपर्यंत समसमान. तिसरा मुलगा असेल तर त्याला टीम पिरियडमध्ये स्काउट संघाचा (प्रतिस्पर्ध्यासारखं खेळून दाखवणाऱ्या संघाचा) क्वार्टरबॅक करा, तिथं त्याला भरपूर पास मिळतात.

दहावी पायरी: हात मोजा

आपल्याकडे वेगवान गोलंदाजाच्या ओव्हर मोजतात, बेसबॉलमध्ये मुलांच्या पिच मोजतात. क्वार्टरबॅकचे बॉल कोच म्हणून तुम्हीच मोजायचे. वर दिलेल्या मंगळवारात, सुरुवातीचे हलके बॉल सोडून, पहिल्या मुलाचे जोरानं फेकलेले ७० च्या घरात जातात. फ्रेशमन मुलासाठी मी ७५ ला थांबतो. बुधवारी ५० ते ५५, गुरुवारी २० च्या आत, सोमवारी हलकं. हा माझा स्वतःचा नियम आहे. खांदा किंवा कोपर दुखतोय असं मुलानं म्हटलं की त्या दिवसाचं फेकणं बंद, आकडा काहीही असो, आणि शाळेच्या ॲथलेटिक ट्रेनरकडे पाठवायचं. मुलं दुखणं लपवतात. हात झटकताना दिसला तरी विचारा.

बुधवार आणि गुरुवार

बुधवारी दुप्पट वेळ द्यायचा म्हटलं ते सगळं येतं: थर्ड डाउन, गोलरेषेजवळचे प्ले, दोन मिनिटांची घाई. गोलरेषेजवळ मागे जागा उरत नाही, लांब रूट चालत नाहीत आणि डिफेन्स दाटीनं उभा असतो, म्हणून तिथं दोनच पास ठेवा आणि तेच घोटा. दोन मिनिटांच्या सरावात खरं घड्याळ लावा, तीन टाइमआउट द्या आणि हायस्कूलचा नियम शिकवा: फर्स्ट डाउन मिळाला (दहा यार्ड पूर्ण झाले) की ते अंतर मोजणारी साखळी हलवेपर्यंत घड्याळ थांबतं. एनएफएलमध्ये तसं होत नाही. टीव्हीवर शिकलेला मुलगा इथं उगाच टाइमआउट घालवतो.

गुरुवारी पाऊण तास, चालत. कुणी पळत नाही. शुक्रवारचे पहिले १० ते १५ प्ले याच दिवशी ठरवून क्रमानं चालून बघायचे. ही वॉल्श यांचीच पद्धत, त्यांची यादी २५ प्लेपर्यंत जाई. शुक्रवारी रात्री दिवे लागलेले असतात, बँड वाजत असतो, छाती धडधडत असते, आणि अशा वेळी विचार करण्यापेक्षा शांतपणे आधी ठरवलेलं जास्त चांगलं चालतं. क्वार्टरबॅकला विचारा की यादीत त्याला कुठला प्ले आवडत नाही. त्यानं सांगितलेला काढून टाका. ज्या प्लेवर त्याचा विश्वास नाही त्यात तो बॉल उशिरा फेकणार, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

शनिवारी सकाळी व्हिडिओ लावा आणि दुसऱ्या पायरीतला तोच कागद पुन्हा काढा. एका रकान्यात सामन्यात कुठला प्ले किती वेळा आला, शेजारी आठवड्यात त्याच्या किती फेऱ्या झाल्या. जिथं सामन्यात सहा वेळा आणि सरावात चार वेळा असं दिसेल, त्या प्लेला पुढच्या मंगळवारी पिरियड ८ मध्ये पहिली जागा द्या. तीन आठवडे सरावात येऊनही सामन्यात एकदाही न आलेला प्ले खोडा, आणि त्याची मिनिटं स्नॅपला द्या.